बोलता न येणाऱ्याचा खटला

कोर्टाचा सिनेमा म्हटला की आपल्याला भाषण आठवतं. १९९३च्या ‘दामिनी’त सनी देओलने रंगवलेला वकील तारखांमागून पडणाऱ्या तारखांवर जे कडाडला, ते त्यानंतर जन्मलेल्या पोरांच्याही तोंडी आहे. अन्याय होतो, पुरावा दाबला जातो, साक्षीदार फितूर होतात, आणि सगळं हातचं गेलं असं वाटत असताना कुणीतरी उभं राहून असं बोलतं की न्यायाधीशांसह सगळं कोर्ट चिडीचूप होतं. त्यानंतरचा निकाल हा त्या बोलण्याला मिळालेला कौल असतो. या साच्याने न्यायाबद्दलची आपली समजूतच वाकडी करून ठेवली आहे, असं माझं ठाम मत आहे. न्याय हे वक्तृत्वाचं फळ आहे, अशी ती समजूत. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर राहणाऱ्या कातकरी, ठाकर, वारली, महादेव कोळी माणसाला ती फार महागात पडते, कारण त्याच्या बाजूने बोलणारा असा वकील बहुधा नसतोच. कायद्याने त्याच्या डोक्यावरचं ‘सिद्ध कर’ हे ओझं उतरवून समोरच्याच्या डोक्यावर ठेवलं, तेव्हाच त्याला काही मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे. कायद्याच्या इतिहासातली ही मोठी नाट्यमय घटना आहे, आणि गुन्हा, तुरुंग व न्याय यांवर चित्रपट काढणाऱ्यांनी तिच्याकडे जवळजवळ पाहिलेलंच नाही.

या म्हणण्याला खरा विरोध चित्रपट समीक्षकाकडून होणार नाही. तो होईल कोर्टात रोज उभं राहणाऱ्याकडून. म्हणून शहापूर आणि मुरबाडच्या फौजदारी कोर्टांत आणि कल्याणच्या सत्र न्यायालयात वकिली करणारा, सिनेमाचीही आवड असणारा एक वकील समोर कल्पून मी हा वाद मांडते आहे. त्याला दुबळं करून ठेवण्यात मला काही स्वारस्य नाही. त्याचे मुद्दे जोरकस आहेत आणि त्यांतला एक तर मला मान्यच करावा लागणार आहे.

“ताई,” वकील म्हणतील, “सिनेमा म्हणजे कोर्टाचा रोजनामा नव्हे. रोजनाम्यात काय असतं? आरोपी हजर, साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख. हे तीन तास कोण बघेल? आणि कोर्टाचं सगळं काम शब्दांवरच चालतं ना? फिर्याद शब्दांत, जबाब शब्दांत, सरतपास, उलटतपास, युक्तिवाद, सगळं शब्दांत. मग सिनेमाने बोलणाऱ्या माणसाला नायक केलं तर त्यात खोटं काय? उलट ‘जय भीम’सारखा चित्रपट पाहून लोकांना कळतं की पोलिसांनी नेलेला माणूस परत आला नाही तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस नावाचा अर्ज करता येतो. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकाराला एवढं जरी आधी माहीत असलं, तरी माझं निम्मं काम होतं.”

वकीलसाहेब, कोर्ट शब्दांवर चालतं, हीच तर अडचण आहे. ती सर्वांत प्रामाणिकपणे पाहणारा चित्रपट १९८० सालीच आला होता. गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’. पटकथा विजय तेंडुलकरांची. लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर बायकोच्या, नागीच्या, खुनाचा आरोप आहे. ओम पुरीने केलेला हा भिकू सबंध खटल्यात एक शब्द बोलत नाही. कोर्टाने नेमून दिलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी त्याला तुरुंगात भेटतो, विनवतो, चिडतो, भिकू गप्प. आपल्याला हळूहळू कळतं की नागीवर अत्याचार करून तिला मारणारे गावातले प्रतिष्ठित लोक आहेत. आणि निहलानी तेही एका उघड दृश्यात दाखवत नाहीत. ते दाखवतात क्लबातलं पत्त्यांचं टेबल. जंगलाचा ठेकेदार, डॉक्टर, राजकीय पुढारी, पोलीस अधिकारी, आणि त्यांच्याबरोबर पानं पिसणारा सरकारी वकील दुसाने. शवविच्छेदनाचा अहवाल लिहिणारा, तपास करणारा, खटला चालवणारा आणि ज्याच्यावर खटला व्हायला हवा तो, अशी चौघंही संध्याकाळी एका टेबलावर बसतात. भिकूने कुणाला सांगायचं? तो बोलेल तो शब्द ज्याच्या ज्याच्या कानावर पडणार, ते सगळे कान त्या टेबलाभोवती बसलेले आहेत. त्याच्या गप्प राहण्यात मला अडाणीपणा दिसत नाही. परिस्थिती अचूक ओळखणाऱ्या माणसाचा तो निर्णय आहे.

अमरीश पुरींनी उभा केलेला दुसाने स्वतः आदिवासी आहे, हे तेंडुलकरांच्या लेखणीचं मोठेपण. शिकला, सरकारी वकील झाला, क्लबात बसला. तरी फोनवरून त्याला जातीवरून शिव्या ऐकाव्या लागतात आणि त्या तो मुकाट गिळतो. म्हणजे चित्रपटात मुके आदिवासी दोन आहेत. एक तुरुंगात, दुसरा काळा कोट घालून दिवसभर बोलणारा. ज्याला कोर्टाची भाषा पूर्ण अवगत आहे त्यालाही स्वतःबद्दलचं खरं त्या भाषेत उच्चारता येत नाही. बोलता आलं म्हणजे न्याय मिळतो, या समजुतीला मराठी लेखकाने दिलेलं याहून सणसणीत उत्तर मला माहीत नाही. या चित्रपटाला १९८१च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला, पण त्याने उघडलेल्या वाटेने पुढे फारसं कुणी गेलं नाही.

“इथेच माझा मुख्य आक्षेप आहे, ताई,” वकील म्हणतील. “ठाणे जिल्ह्याचा आदिवासी मुका कधी होता? राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध उठला, त्याला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारीला नकार दिला, ऑक्टोबरात तलवाड्याला गोळ्या खाल्ल्या. गोदावरी परुळेकरांनी ते सगळं लिहून ठेवलंय. १९८२ पासून श्रमजीवी संघटनेच्या झेंड्याखाली कातकरी बायामाणसं तहसील कचेरीवर मोर्चे आणत आहेत, घसा फुटेस्तोवर घोषणा देत आहेत. आणि तुमच्या ‘आक्रोश’ने आदिवासी दाखवला तो मुका, आणि शेवटी ओरडला तो स्वतःच्या बहिणीला कुऱ्हाडीने मारून. मध्यमवर्गीय वकिलाच्या मनाची घालमेल दाखवायला भिकूचा वापर केलाय. मला हा चित्रपट आदिवासींचा वाटतच नाही.”

यातला निम्मा भाग मला मान्य आहे, आणि त्यात आणखी भर घालायची आहे. ‘आक्रोश’मध्ये नागी आठवणीपुरती येते, आणि बहीण मरण्यापुरती. पुरुषाच्या मौनाला अर्थ यावा म्हणून दोन बायकांचे प्राण गेले, आणि त्यांच्या बाजूने पाहण्याची गरज ना दिग्दर्शकाला वाटली ना लेखकाला. भिकू बहिणीला मारतो ते तिच्या वाट्याला नागीसारखं मरण येऊ नये म्हणून. पण तिला काय हवं होतं, हे चित्रपट विचारत नाही. हा दोष लहान नाही, आणि पुरस्कारांनी तो झाकला जाऊ नये.

पण वकीलसाहेब, तुम्ही दिलेली उदाहरणं नीट पाहा. वारली बोलले ते हजारोंच्या जमावात. मोर्चात घोषणा देणारी बाई बोलते तेव्हा तिच्या खांद्याला खांदा लावून दुसरी उभी असते. कोर्टाच्या पिंजऱ्यात मात्र माणूस एकटा जातो. ज्या बाईने तहसीलदाराच्या तोंडावर सुनावलं, तीच बाई साक्षीला उभी राहिली की तिला विचारतात, घटना किती तारखेची, वेळ काय, अंतर किती फूट, पोलिसांच्या जबाबात असं लिहिलंय आणि इथे तसं सांगताय, खरं कुठलं? घरी ती कातकरी बोलते, बाजारात तिकडची आगरी-कुणबी धाटणीची मराठी बोलते, आणि तिचा जबाब मात्र हवालदाराच्या कागदी मराठीत उतरलेला असतो. आरोपीची गत याहून वेगळी नाही. पुरावा संपला की त्याचा जबाब होतो. आपल्या तोंडी अजून ‘३१३चा जबाब’च आहे, नव्या संहितेत ते कलम ३५१ झालं. कोर्ट एकेक वाक्य वाचून विचारतं, साक्षीदार असं म्हणतो, तुमचं काय म्हणणं आहे. खटल्यात आरोपीला स्वतः बोलायची मिळणारी ती हक्काची जागा. तिथे बहुतेक वेळा दोनच उत्तरं लिहिली जातात, ‘खोटं आहे’ आणि ‘मला माहीत नाही’. एका माणसाचं अख्खं आयुष्य त्या दोन उत्तरांत बसवलं जातं. राघोजींच्या वारसाला मुकं करणारी जागा ही आहे, आणि ‘आक्रोश’ने बोट ठेवलंय ते तिच्यावर.

शिवाय कॅमेऱ्याला कधी दिसलीच नाही अशी एक गोष्ट या दोन तालुक्यांत दरवर्षी घडते. दिवाळी झाली की पाडे ओस पडू लागतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच बयाणा घेतलेला असतो. तो फेडायला माणसं बायकापोरांसह वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, पनवेलकडे, काही त्याहून लांब. परततात ती पावसाच्या तोंडावर. कोर्टाचं कामकाज या महिन्यांतही चालूच असतं. समन्स घेऊन पोलीस पाड्यावर येतात, कुडाच्या घराचं दार सुतळीने बांधलेलं, शेजारीही भट्टीवर. समन्स न बजावता परत जातं, पुढे वॉरंट निघतं, जामीन रद्द होतो. कागदावर तो माणूस फरार असतो आणि प्रत्यक्षात पन्नास-साठ किलोमीटरवर चिखल तुडवत असतो. जो इथेच आहे त्याचंही सोपं नाही. मुरबाडला आजही रेल्वे नाही. टोकावड्याकडच्या माणसाला कल्याणच्या सत्र न्यायालयात अकरा वाजता हजर राहायचं तर पहाटेची एसटी गाठावी लागते. डोळखांबवाल्याला आधी आसनगाव आणि मग कसाऱ्याहून येणारी लोकल. दिवसाची मजुरी बुडते, आणि पुकारा होतो तेव्हा कळतं की साहेब रजेवर आहेत. ‘दामिनी’तल्या भाषणाला टाळ्या पडल्या, पण तारीख म्हणजे काय, ती किती रुपयांना पडते आणि त्या पैशांत घरात काय आलं असतं, हे दाखवायची गरज त्या चित्रपटाला वाटली नाही.

तुम्ही राघोजींचं नाव घेतलंत, तसं भाई कोतवालांचंही घेतलं असतंत. माथेरानचा हा वकील चले जाव चळवळीत आझाद दस्ता घेऊन रानात उतरला आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर हिराजी पाटलांसह गोळीबारात शहीद झाला. २०२० साली त्यांच्यावर मराठी चित्रपट आला. आपल्या मातीतला, कायदा शिकलेला आणि सरकारच्या लेखी गुन्हेगार ठरलेला असा दुसरा नायक शोधून सापडायचा नाही. विजेचे मनोरे पाडणारा कोतवाल पडद्यावर येणारच, यायलाच हवा. पण सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून हाच वकील त्याआधी खपत होता. सनदेच्या जोरावर सरकारदरबारी न्याय मिळवून देता येईल हा त्याचा विश्वास कधी आणि कशाने उडाला, तो प्रवास मला बंदुकीच्या लढाईपेक्षा जास्त जाणून घ्यायचा आहे. त्यावर एखादा पूर्ण चित्रपट उभा राहील.

वकीलसाहेबांचा पुढचा मुद्दा कायद्याच्या बाजूने येईल. “तुम्ही जुनी चित्रं रंगवताय. १९७८ला होस्कोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, तेही आपल्या महाराष्ट्राच्या प्रकरणात, मोफत वकील हा आरोपीचा हक्क ठरवला. १९८७चा विधी सेवा कायदा आला. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. तालुक्याला विधी सेवा समिती आहे. कच्च्या कैद्यांसाठी आधी कलम ४३६ अ होतं, आता नव्या संहितेत ४७९ आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं. व्यवस्था सुधारतेय, ताई. आणि ‘कोर्ट’सारखे चित्रपट सगळं कसं कुजकं आहे एवढंच दाखवतात. ते बघून माणूस कोर्टाची पायरी चढायचाच नाही.”

सुधारणा झाल्या हे खरं आहे, आणि त्या ज्यांनी घडवल्या त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे २०२२चे आकडे पाहा. देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. शंभरातल्या पंचाहत्तरांहून जास्त माणसांवरचा गुन्हा शाबीत व्हायचा होता. आपल्या तुरुंगपटांनी मात्र तुरुंग नेहमी शिक्षा झालेल्यांचा दाखवला आहे. व्ही. शांताराम यांचा १९५७चा ‘दो आँखें बारह हाथ’ मला अतिशय प्रिय आहे. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला केलेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून त्याची कल्पना निघाली, कथा गदिमांची. निकालानंतरही माणूस शिल्लक राहतो, हे त्यात दिसतं. पण त्यातले सहाही कैदी खुनी आहेत. कल्याणच्या आधारवाडी तुरुंगात तारखेची वाट पाहणाऱ्याची गोष्ट त्यात बसत नाही, कारण त्याला अजून कुणी दोषी म्हटलेलं नाही आणि निर्दोषही नाही.

हा माणूस आत का राहतो? बऱ्याचदा जामीन मंजूर होऊनही. कोर्ट ऐपतदार जामीनदार मागतं. जामीनदाराकडे सातबारा हवा किंवा ऐपतीचा दाखला. कातकऱ्याच्या नावावर शेत सोडाच, घराखालची जागाही बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या मालकीची असते. त्याच्या ओळखीचे सातबारावाले दोनच, जमीनमालक आणि भट्टीमालक. जामीन दिला की तो पुढच्या हंगामाच्या मजुरीतून वसूल होतो. १९७८ साली मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे नेमकं ओळखलं होतं. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं आणि जातमुचलक्यावर सोडण्याची वाट रुंद केली. पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाली या निकालाला. जातमुचलका की जामीनदार, एवढा एकच प्रश्न घेऊन एक माणूस आत आणि त्याची बायको बाहेर दारोदार फिरतेय, असा चित्रपट मला आठवत नाही. यात खलनायक नसेल, पण धडधड वाढवणारं नाट्य ओतप्रोत आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ त्याच्या फार जवळ जातो, म्हणून मी त्याची बाजू घेईन. मॅनहोलमध्ये मेलेल्या सफाई कामगाराने शाहीर नारायण कांबळेचं गाणं ऐकून आत्महत्या केली, असा आरोप. वीरा साथीदार यांनी तो शाहीर उभा केला. चित्रपटात भाषण नाही. आहे ते कामगाराच्या बायकोची साक्ष. गटारात उतरण्याआधी नवरा खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा, वास सोसवावा म्हणून प्यायचा. हे ती कुठलाही सूर न लावता सांगते. कोर्टाला त्यातून एवढंच हवं आहे की हा अपघात होता की आत्महत्या. ती जे सांगतेय तो एका वेगळ्याच गुन्ह्याचा पुरावा आहे. पण त्या गुन्ह्याची फिर्यादच नाही, म्हणून तो पुरावा कुणाच्याही वहीत जात नाही. तुम्ही याला निराशा म्हणता. मी म्हणेन, ऐकायचं कसं हे या दृश्याने प्रेक्षकाला शिकवलं. कोर्टाची पायरी चढणारा माणूस खोट्या आशेने चढला तर दुसऱ्या तारखेलाच खचतो. काय वाढून ठेवलंय हे ठाऊक असलेला माणूस टिकतो.

“मग ‘जय भीम’चं काय?” वकील सोडणार नाहीत. “तिथे इरुलर आहेत, इथे कातकरी. तेही उंदीर धरणारे, तेही वीटभट्टीवर राबणारे. १९९३चा खरा खटला, खरे वकील चंद्रू. भाषणही आहे आणि विजयही. आणि आमच्याकडची तरुण पोरं तर ‘मुळशी पॅटर्न’ बघतात. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला, जमिनी विकल्या गेल्या, हातात पैसा आला आणि संपलाही. त्या पोरांना धरून ठेवेल असं काही तुमच्या रोजनाम्याच्या सिनेमात आहे का?”

‘मुळशी पॅटर्न’चा पहिला भाग या दोन तालुक्यांतल्या प्रत्येकाने पाहावा. जमीन गेलेला बाप स्वतःच्याच शेतावर उपरा कसा होतो, ते प्रवीण तरडे यांनी खरं दाखवलंय. मग बंदूक येते आणि कॅमेरा तिच्या प्रेमात पडतो. तिथे माझा त्याच्याशी संबंध तुटतो. ‘जय भीम’ची गोष्ट निराळी. तो चांगला चित्रपट आहे, आणि त्याचा चांगला भाग कोर्टाच्या बाहेर आहे. शेतात उंदीर धरणं, भट्टीवरचं जगणं, गावात चोरी झाली की पहिला संशय ज्यांच्यावर येतो त्यांच्या झोपड्यांत मध्यरात्री शिरणारे पोलीस. त्या तासाभरात आपल्याला कायदा कसा लागू होतो ते दिसतं. पुढे सगळं एका असामान्य वकिलाच्या खांद्यावर जातं, आणि १९९३ला सुरू झालेलं जे प्रकरण २००६पर्यंत रेंगाळलं, ते पडद्यावर झपाट्याने संपतं. हेबियस कॉर्पस कळला हे उत्तम झालं. पण चंद्रू प्रत्येक तालुक्याला एक असे मिळत नाहीत. प्रेक्षकाला ‘असा वकील हवा’ असं वाटत राहतं. ‘असा कायदा हवा, ज्यात असा वकील नसला तरी चालेल’ हे त्याला सुचवायला चित्रपट विसरतो.

आणि असे कायदे झालेले आहेत, वकीलसाहेब, तुम्ही ते माझ्याहून चांगले जाणता. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, आणि १९७८ साली ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या, ती ओरडली नव्हती. त्यावरून संमतीचा अर्थ काढला गेला. तिच्या गप्प राहण्यालाच तिच्याविरुद्धचा पुरावा केलं. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ला कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचाराच्या खटल्यात संबंध शाबीत झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, की कोर्टाने ते खरं मानून पुढे जायचं. उलट सिद्ध करायचं ते आरोपीने. त्या मुलीला वक्तृत्वाची गरज उरू नये अशी सोय कायद्याने केली, तिला स्वतःला उपयोग होण्याची वेळ निघून गेल्यावर. ‘आक्रोश’ बरोबर याच काळातला आहे. निर्णय देणारे मौन कसं वाचतात, हा प्रश्न तेव्हा हवेत होता. तेंडुलकरांनी तो पकडला.

दुसरा कायदा शहापूर-मुरबाडच्या आणखी जवळचा. १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वर्षानुवर्षं मालकाकडे राबणाऱ्याला लगीनगडी म्हणत. बयाणा फिटत नाही म्हणून हंगामामागून हंगाम त्याच भट्टीवर जाणारा मजूर हा त्याचाच पुढचा अवतार. या कायद्याचं कलम १५ सांगतं की मजुराने ‘हे वेठीचं कर्ज आहे’ असं म्हटलं की तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी धनकोवर, म्हणजे मालकावर. १९८३ला बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात सर्वोच्च न्यायालय त्याच्याही पुढे गेलं: माणूस सक्तीने राबतोय असं दिसलं की त्यामागे उचल आहे असंच धरायचं. हिशेबाची वही मालकाकडे असते. आठवड्याची खर्ची किती दिली, विटा किती थापल्या, बाकी किती, हे लिहितो तो. मजुराला लिहिता येत नाही, आणि आकडा विचारला तर ‘मालकाचे पैसे हायेत’ एवढंच तो सांगू शकतो. कोर्टाच्या सिनेमाच्या हिशेबाने हा सर्वांत वाईट साक्षीदार. या कलमापुढे मात्र त्याचं ते एक वाक्य पुरतं, आणि वही उघडून दाखवायची पाळी मालकावर येते.

“चला, मानलं,” वकील म्हणतील. “काढा यावर सिनेमा. तहसील कचेरीतली चौकशी, एक टेबल, एक वही. प्रेक्षकांनी काय बघायचं? आणि शेवट काय करणार?”

बघायचं ते वहीचं पान. आयुष्यभर ज्याच्याकडे हिशेब मागितला गेला त्याच्यासमोर हिशेब देणारा बसलाय, आणि त्याला जमत नाहीये, यापेक्षा मोठा प्रसंग मला सुचत नाही. तिथे आरडाओरडा नसेल. मालक आधी हसेल, मग चिडेल, मग पुढाऱ्याला फोन लावेल. अधिकारी कुणाच्या टेबलावर पत्ते खेळतो हेही तिथेच कळेल. मजूर मध्येच उठून मालकाला पाणी देईल, कारण ती त्याची सवय आहे. आणि शेवट मुक्तीच्या दाखल्यावर करायचा नाही. केंद्राच्या २०१६च्या योजनेत सुटलेल्या मजुराच्या पुनर्वसनाला १ लाखापासून ३ लाखांपर्यंत रक्कम ठरवली आहे; पण हातात लगेच पडते ती तिच्यातली थोडकी, उरलेली मालकाच्या दोषसिद्धीला बांधलेली. म्हणजे कलम १५ने डोक्यावरून उतरवलेलं ओझं मदतीच्या अटीतून पुन्हा त्याच्याच डोक्यावर. खटला चालला पाहिजे, साक्षीदार टिकला पाहिजे, तारखांना तो हजर पाहिजे, आणि तोवर खायला काय, तर मुकादम पुन्हा बयाणा घेऊन दारात उभा आहेच. तो घेतला की पुढच्या तारखेचं समन्स पुन्हा बांधलेल्या दारावरून परत जाणार. चित्रपटाने इथवर यावं, आणि दोषसिद्धीची ही अट कुणी, कशासाठी घातली, हे नाव घेऊन विचारावं.